मर्सिडीज २४० डी : पंप बदलला तरी स्टिअरिंग जडच. आता स्टिअरिंग बॉक्सही बदलू का?

कारेलीबागकर | १५ ऑक्टोबर २०२४, रात्री १०:१२

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

गाडी १९८३ ची मर्सिडीज २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३. काकांनी १९९१ साली मुंबईत एका परदेशी वकिलातीकडून निघालेली घेतली, २००२ पासून माझ्याकडे आहे. चार गिअर, ७२ अश्वशक्ती. एसी लावला की पुलाच्या चढावर रिक्षावाला वळून बघतो. पण बावीस वर्षांत एकदाही रस्त्यात सोडलं नाही तिने. पॉवर स्टिअरिंग कंपनीतूनच बसवलेलं, म्हणजे पंपाच्या तेलाच्या दाबाने हाताला मदत करणारं.

जन्माष्टमीला इथे बडोद्यात विश्वामित्री नदीला पूर आला, त्यात आमच्या गल्लीत पाणी शिरलं. इंजिनापर्यंत आलं नाही, आत गालिचाही कोरडा राहिला, म्हणून देवाला नारळ फोडला आणि विसरून गेलो. सप्टेंबर संपता संपता स्टिअरिंग जड वाटायला लागलं. आधी वाटलं, वय माझंच झालंय. मग नवरात्रात बायकोने पार्किंगमध्ये गाडी वळवायला घेतली आणि अर्ध्यात सोडून खाली उतरली. म्हणाली, "हे तुमचं बैलगाडं तुम्हीच हाका."

गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, चाक दोनदा इकडेतिकडे केलं आणि निकाल दिला, "साहेब, पंप गयो छे." रिकंडिशन पंप, तेल, मजुरी मिळून १६,५०० रुपये. घरी आणली तर फरक शून्य. परत नेली. आता म्हणतो, "तो पछी बॉक्स गयो." म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडे पोचवणारा गिअरचा डबा. बॉक्स मुंबईहून येणार, ३८,०००, आणि अर्धे पैसे दिवाळीआधी.

देऊ का?

सेवउसळ | १५ ऑक्टोबर, १०:२०

आधी खाली वाकून बघा, विश्वामित्रीतली मगर अडकली असेल. हलके घ्या.

डिझेलदादा | १५ ऑक्टोबर, १०:३१

बॉक्सला अजिबात हात लावू देऊ नका. माझ्याकडे पुण्यात हीच गाडी आहे, ३०० डी. या बॉक्सेस सहजासहजी मरत नाहीत. गळतात, खेळ येतो, पण एकाएकी जड होत नाहीत.

फोटो टाका ना गाडीचे. रंग कोणता?

मकरपुरा लेथ | १५ ऑक्टोबर, १०:४४

एकच विचारतो. चालत्या गाडीत वळण घेतल्यावर हात सैल सोडलात, तर स्टिअरिंगचं चाक आपोआप सरळ होतं का?

हायड्रॉलिकवाला | १५ ऑक्टोबर, ११:०५

डिझेलदादांशी पूर्ण सहमत नाही. माझं सगळं आयुष्य प्रेस आणि पंपांत गेलंय, म्हणून क्रमाने सांगतो.

पंपावरच्या डब्याचं झाकण उघडा. तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी मिसळलंय. फेस असेल तर कुठून तरी हवा ओढतोय. याच डब्यात तळाशी कागदी फिल्टर असतो, स्प्रिंगखाली दाबून बसवलेला. तो बदललाय का विचारा. तेल बदलतात आणि फिल्टर तोच ठेवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग पट्टा. बोटाने दाबून बघा किती लवतो. पट्टा ढिला असेल तर इंजिन मंद असताना स्टिअरिंग जड आणि रेस दिली की हलकं, असा फरक पडतो. शेवटी पाइप. चाळीस वर्षांचा रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून त्याचं अस्तर सुटून वाट अडवतं.

आणि खरी परीक्षा म्हणजे दाबाचा गेज लावणं. गेज न लावता पंप बदलला म्हणजे थर्मामीटर न लावता टायफॉइडचं औषध दिलं.

कारेलीबागकर | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

@डिझेलदादा, रंग पिस्ता. फोटो रविवारी टाकतो.

@हायड्रॉलिकवाला, तेल नवं आहे, स्वच्छ लाल. फेस नाही. फिल्टरचं विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "एमां फिल्टर नथी आवतो." पट्टा पाहतो. रेस देऊन पाहिलं, फारसा फरक नाही.

इंदूरकर पोहे | १६ ऑक्टोबर, ८:१५

टायर कोणते आहेत? आमच्याकडे इंदुरात एका सद्गृहस्थांनी अशाच जुन्या गाडीला जीपचे रुंद टायर चढवले आणि वर्षभर पंपाला शिव्या घातल्या. हवा किती ठेवता तेही सांगा.

कारेलीबागकर | १६ ऑक्टोबर, ८:२२

१९५, सत्तरचे, चौदा इंची. पाच वर्षं हेच माप आहे. हवा ३०. त्यात काही बदललेलं नाही.

रावपुऱ्याची | १६ ऑक्टोबर, ११:४०

तांत्रिक काही कळत नाही, पण वाचून आईची आठवण आली. १९७८ साली ती रावपुऱ्यातून फियाट चालवायची, नऊवारी नव्हे पण गोल पातळात, आणि स्टिअरिंगला पॉवर म्हणजे तिच्या दंडात होती तेवढीच. बाबांना रिव्हर्समध्ये गल्लीत घालता यायची नाही, तिला यायची. तिचा एक नियम होता, उभ्या गाडीत चाक फिरवायचं नाही. गाडी कणभर तरी सरकत ठेवायची आणि मग फिरवायचं. मी आजही ऑटोमॅटिक गाडीत तसंच करते, नवरा हसतो.

डिझेलदादा | १६ ऑक्टोबर, ११:५५

@रावपुऱ्याची, आईंना साष्टांग नमस्कार. उभ्या गाडीत चाक फिरवणं म्हणजे टायर रस्त्यावर घासत पिळणं. सगळा भार सांध्यांवर आणि बॉक्सवर येतो. पॉवर स्टिअरिंगने आपल्याला लावलेली वाईट सवय आहे ही.

अवांतर: फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ च्या सुमारास तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग तयार केलं होतं. पण विकायच्या मोटारीत ते यायला १९५१ साल उजाडलं, क्रायस्लर इम्पिरियलमध्ये. मधली पंचवीस वर्षं लोक दंडांवरच चालवत होते.

नवीनच | १६ ऑक्टोबर, १२:३०

हे सगळं काढून इलेक्ट्रिक स्टिअरिंग का नाही बसवत? आजकाल सगळ्या छोट्या गाड्यांत असतं. तेल नको, पंप नको, पट्टा नको.

डिझेलदादा | १६ ऑक्टोबर, १२:३८

@नवीनच, हरिपाठात रॅप का नाही घालत?

नवीनच | १६ ऑक्टोबर, १२:४१

साधा प्रश्न विचारला हो. एवढं काय.

हायड्रॉलिकवाला | १६ ऑक्टोबर, १:१०

प्रश्न वाईट नाही. सुझुकीने १९८८ साली सर्व्होमध्ये इलेक्ट्रिक आणलं ते याच कारणासाठी, छोट्या इंजिनावर पंपाचा भार नको म्हणून. पण इथे आधी दुखणं कशाचं तेच कळलेलं नाही. दुखणं पुढच्या सांध्यात असेल तर मोटर बसवूनही ते तिथेच राहणार, फक्त हाताला कळणार नाही.

चार पावलं | १६ ऑक्टोबर, १:४५

एक अनुभव. आमच्या सासऱ्यांच्या गाडीत एका शहाण्याने पॉवर स्टिअरिंगच्या डब्यात ब्रेक ऑइल ओतलं होतं. तेल तेच, डबा तोच, असा हिशोब. महिन्याभरात सगळी सील फुगून मऊ झाली, जमिनीवर रांगोळी. त्या सिस्टिमला खनिज तेल लागतं आणि ब्रेक ऑइलचा पिंड वेगळा, एकाच्या रबराला दुसरं सोसत नाही. तुमच्या डब्यात नक्की काय ओतलंय ते मिस्त्रीला बाटली दाखवायला सांगा.

सेवउसळ | १६ ऑक्टोबर, १:५०

बाटली दिवाळीआधी अर्धी दाखवेल, अर्धी नंतर.

मकरपुरा लेथ | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

काल एक प्रश्न विचारला होता. पंप झाला, सुझुकी झाली, रॅप झालं, त्याचं उत्तर काही आलं नाही.

कारेलीबागकर | १६ ऑक्टोबर, ९:४०

माफ करा काका, राहूनच गेलं. कोजागिरीचं दूध आटवत होतो, तसंच गॅस बंद करून मुद्दाम एक चक्कर मारून आलो.

नाही होत. पूर्वी वळण संपलं की हातातून चाक सरसर सुटायचं. आता जिथे सोडावं तिथेच बसतं, मलाच ओढून सरळ करावं लागतं. सरळ रस्त्यावरही सारखं थोडंथोडं दुरुस्त करत राहावं लागतं. हे मी गॅरेजमध्ये सांगितलंच नव्हतं, कारण मला ते वेगळं लक्षण वाटलं नाही.

मकरपुरा लेथ | १६ ऑक्टोबर, १०:२०

मग पंप गेला नव्हता.

नीट सांगतो, कारण इथे बरेच जण जुन्या गाड्या ठेवून आहेत. पुढच्या चाकाचा वळायचा आस थोडा मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. त्या कलामुळे गाडी पुढे चालत असताना चाकं आपणहून सरळ व्हायला बघतात. हॉस्पिटलच्या स्ट्रेचरचं चाक कसं ओढाल तिकडे फिरून मागे येतं, तसंच. पंप मेला तर तुम्हाला वळवताना मदत मिळत नाही, हात दुखतात, पण सोडल्यावर गाडी आपलं चाक सरळ करतेच. जरा आळसाने करते, पण करते. जड आहे आणि परतही येत नाही, याचा अर्थ मदत कमी झालेली नाही, मध्ये कुठेतरी घर्षण वाढलंय. कोणीतरी धरून बसलंय.

धरणारे चार. बॉक्सचा खेळ काढायचा स्क्रू कोणी जास्त आवळला असेल तर बॉक्स. डाव्या बाजूच्या आयडलर आर्मचा, म्हणजे मधल्या लिंकला तिकडून धरणाऱ्या दांड्याचा बुश. टाय रॉडचे, म्हणजे चाकाला वळवणाऱ्या दांड्यांचे जोड. आणि वरखालचे बॉल जॉइंट, म्हणजे ज्या गोल सांध्यांवर चाक वळतं ते. पुरात उभ्या राहिलेल्या गाडीत मी शेवटून सुरुवात करीन.

डिझेलदादा | १६ ऑक्टोबर, १०:३५

बॉक्सच्या स्क्रूवरून सांगतो, हे पाप मी स्वतः केलंय. चाकात दोन बोटं खेळ होता, वरचं नट सैल केलं, स्क्रू पाव वेढा आवळला, खेळ गेला, मी खूश. एक्सप्रेसवेवर गाडी मध्यावर येईना. पुण्याहून खालापूरपर्यंत घाम फुटला. तो स्क्रू किती जोर लागतो हे मोजून लावायचा असतो, अंदाजाने नाही.

@कारेलीबागकर, बॉक्सच्या डोक्यावरचं ते नट बघा. पाना लावला असेल तर कडा चमकतील.

कारेलीबागकर | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

टॉर्च घेऊन पाहिलं. नट दिसतच नाही. त्यावर पुराचा चिखल वाळून पापुद्र्यासारखा बसलाय, बोटाने खरवडला तेव्हा नट निघालं. म्हणजे ज्या बॉक्सचे ३८,००० सांगितले त्याच्याकडे मिस्त्रीने वाकूनसुद्धा पाहिलेलं नाही.

रावपुऱ्याची | १७ ऑक्टोबर, ७:४२

अरे देवा.

हायड्रॉलिकवाला | १७ ऑक्टोबर, ९:००

लेथकाकांचा मुद्दा मान्य. तरीही दोन दुखणी एकत्र असू शकतात हे विसरू नका. पट्टा अजून पाहिलेला नाहीत.

मकरपुरा लेथ | १७ ऑक्टोबर, ९:३०

बरोबर. पण आधी सोडवायचं, मग मोजायचं.

रविवारी वेळ काढा. सोबत एक माणूस हवा, एकट्याने करायचं नाही. सपाट जागा. पुढून जॅक लावून गाडी उचला आणि लोखंडी स्टँडवर टेका. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटा तर अजिबात नकोत, वीट सांगून फुटत नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे.

आधी इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बॉक्समधलं तेल ढकललं जातं म्हणून थोडं ओढ घेईल, ते ठीक. पण ओढ सगळीकडे सारखी आहे का, की कुठे अडकतंय, तेवढं बघा. मग दोन्ही बाजूंचे टाय रॉड चाकाकडच्या टोकाला सोडवा. त्यासाठी पुलर आणा, हातोडी नाही. हातोडीने आटे बसतात आणि रबर फाटतं. सोडवल्यावर इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवा. आता फक्त पंप, बॉक्स आणि मधली लिंक तुमच्या हातात आहे. टोकाला नेऊन दाबून धरू नका, पंप ओरडतो. मग इंजिन बंद करून एकेक चाक दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे फिरवा. आता फक्त बॉल जॉइंट तुमच्या हातात आहेत. लटकत्या चाकावर गाडीचं ओझं नसतं. तरीही जे चाक अडकेल, ते रस्त्यावर काय करत असेल याचा विचार करा.

एवढ्याला खर्च पुलरच्या भाड्याचा.

इंदूरकर पोहे | १७ ऑक्टोबर, ९:४१

+१. हा प्रतिसाद प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीला लावायला हवा. संपादक, वाचनखुणा कशी साठवायची?

सेवउसळ | १७ ऑक्टोबर, ९:४४

मगरीचा मुद्दा कोणी खोडलेला नाही हे नम्रपणे नोंदवतो.

चार पावलं | १९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

उद्या रविवार. बडोदेकर, पुलर मिळाला का?

अवांतर: जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलासच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता तेव्हा आम्ही सहकुटुंब गेलो होतो. महाराजांच्या काळातल्या गाड्यांची लांबी बघून मुलगा म्हणाला, "बाबा, या यू-टर्न कुठे घ्यायच्या?" तेव्हा हसलो. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता.

कारेलीबागकर | २० ऑक्टोबर, दुपारी २:५०

हात काळे आहेत, टायपिंग सांभाळून घ्या. मेहुणा आला होता मदतीला. सकाळी आठला सुरुवात केली, साडेबाराला खालून बाहेर आलो.

इंजिन बंद, टाय रॉड जोडलेले: जड. कुठे एका ठिकाणी अडकत नाही, सगळीकडेच पिठात हात घातल्यासारखं.

टाय रॉड सोडवले. डावा सहज सुटला. उजव्याने तासभर घेतला, शेवटी पुलरवर ताण ठेवून चहा प्यायला बसलो आणि दुसऱ्या घोटाला "ठाप्प" असा आवाज झाला. मेहुण्याच्या हातातली बशी सांडली.

इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवलं. मंडळी, एका बोटाने. करंगळीने सुद्धा करून पाहिलं. दोन महिन्यांत विसरलो होतो ही गाडी अशी होती. बायकोला खिडकीतून बोलावून दाखवलं.

मग चाकं. डावं चाक धरून ढकललं तर दार उघडावं तसं फिरलं. उजव्याला दोन्ही हात लावावे लागले. फिरताना आतून बारीक करकर येत होती, ओली वाळू पाट्यावर वाटावी तशी, आणि जिथे सोडलं तिथेच थांबत होतं. खाली झोपून पाहिलं. खालच्या बॉल जॉइंटचं रबर मागच्या बाजूने चिरलेलं, समोरून अखंड दिसतं. बोटाने दाबलं तर चिरेतून विटकरी रंगाचं पाणी आलं, थेंबभर नाही, चमचाभर. ग्रीसचा पत्ता नाही. ऑक्टोबर आहे, पूर येऊन जवळपास दोन महिने झाले, आणि पुराचं पाणी अजून तिथे होतं.

उजवंच का, याचं उत्तर घरासमोरच आहे. आमची गल्ली एका अंगाला उतरती आहे. कंपाउंडच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे, तिथे गाडी जशी उभी होती तशी आणून लावली. उजव्या चाकाचं मधलं बोंड रेघेच्या खाली जातं, डाव्याचं वर राहतं.

फोटो पाच टाकलेत. पिस्ता रंगाचाही एक आहे.

रावपुऱ्याची | २० ऑक्टोबर, ३:०५

चमचाभर पाण्यासाठी ५४,५०० रुपये.

मकरपुरा लेथ | २० ऑक्टोबर, ३:२०

छान केलंत. चिरलेलं रबर बसमधल्या छत्रीसारखं असतं, दिसत नाही पण ओलं करतं.

आता ऐका, कारण पुढचं काम घरी करायचं नाही. या गाडीत पुढची स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. बॉल जॉइंट सोडवला आणि स्प्रिंग बांधलेली नसेल, तर ती सुटते आणि समोर जे असेल ते घेऊन जाते. स्प्रिंग दाबायचं बरोबर टूल असलेल्या माणसाकडेच द्या. शिवाय हा जॉइंट नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागात, दाबून बसवलेला असतो, हातोडीने नाही, प्रेसवर काढायचा. नकल काढून आणून द्या, मकरपुरा जीआयडीसीत प्रेसवाले पायलीला पन्नास मिळतात.

दोन्ही बाजूंचे करा. डावा आज चांगला आहे, पण वय तेच आहे.

डिझेलदादा | २० ऑक्टोबर, ३:३८

स्प्रिंगबद्दल काका म्हणतात ते शंभर टक्के. यूट्यूब बघून कोणी साखळीने बांधायला जाऊ नका.

हायड्रॉलिकवाला | २० ऑक्टोबर, ४:१५

अभिनंदन. पट्टा पाहिलात का?

कारेलीबागकर | २० ऑक्टोबर, ४:३०

बघतो हो बघतो.

(उजवीकडे टोकाला नेल्यावर बारीक "चीं" होतं, ते आज गल्लीत शांतता असल्यामुळे पहिल्यांदा ऐकू आलं.)

हायड्रॉलिकवाला | २० ऑक्टोबर, ४:३२

पंप बसवताना पट्टा नीट ताणलेला नाही. एवढंच म्हणत होतो चार दिवस.

नवीनच | २१ ऑक्टोबर, सकाळी १०:००

जुना पंप मग चांगलाच होता ना? परत मागा की.

इंदूरकर पोहे | २१ ऑक्टोबर, १०:२५

पहिल्यांदाच नवीनचशी सहमत. काढलेला पार्ट आपला असतो, तो मागून घ्यायचा, निदान बघायचा. आमचे वडील तर जुने स्पार्क प्लगसुद्धा घरी आणायचे. माळ्यावर डबा भरलाय, आई भंगारवाल्याला देऊ देत नाही.

चार पावलं | २१ ऑक्टोबर, ११:०२

मिस्त्रीची बाजूही घ्यावी थोडी. त्याच्याकडे दिवसाला दहा गाड्या येतात, त्यात अशी एक. गिऱ्हाईक "जड आहे" एवढंच सांगतो. धागाकर्त्याने स्वतःच लिहिलंय की चाक परत येत नाही हे त्यांनी सांगितलंच नव्हतं.

डिझेलदादा | २१ ऑक्टोबर, ११:१०

डॉक्टर विचारतो ना, ताप आहे का, खोकला आहे का? विचारणं त्याचं काम. १६,५०० घेतलेत, फुकट नाही पाहिलं.

चार पावलं | २१ ऑक्टोबर, ११:१८

तेही खरंच. मी फक्त म्हटलं.

कारेलीबागकर | २४ ऑक्टोबर, रात्री ८:४०

गॅरेजमध्ये जाऊन आलो. भांडलो नाही. फोनमधले फोटो दाखवले. मिस्त्री बराच वेळ झूम करून बघत होता, मग म्हणाला, "आ तो में जोयुंज नहीं." (हे तर मी पाहिलंच नाही.) हे त्याने स्वतःहून म्हटलं म्हणून माझाही राग अर्धा गेला. जुना पंप विचारला तर मागच्या ड्रममध्ये तेलकट पार्टांच्या खाली निघाला. वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. नव्या पंपाचे पैसे परत देणार नाही, पण पट्टा ताणून दिला, आणि डब्यात खरंच फिल्टर असतो हे दोघांनी मिळून शोधलं. काळा ठिक्कर होता. जुना टाकून दिला आणि नवा मागवलाय.

जॉइंट मुंबईहून निघालेत. पण दिवाळी तोंडावर आहे, प्रेसवाल्याने सांगितलं, लाभपाचमेनंतर या.

सेवउसळ | २४ ऑक्टोबर, ८:५२

म्हणजे यंदा फराळाचे डबे पोचवायला बैलगाडंच. चकल्या आमच्याकडेही पाठवा, टॉर्च घेऊन तपासून घेऊ.

कारेलीबागकर | १७ नोव्हेंबर २०२४, दुपारी १२:०५

धागा वर काढतोय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

दोन्ही खालचे जॉइंट बदलले. ४,८०० रुपये जोडी, प्रेस आणि मजुरी मिळून २,५००, अलाइनमेंट ६००. प्रेसवाल्याकडे मी स्वतः उभा होतो. उजवा जॉइंट बाहेर पडला तेव्हा त्याने तो हातात घेऊन हलवायला बघितला, हलेना. व्हाइसमध्ये धरून पान्याने फिरवला तेव्हा हलला. बॉलवर तांबडे खड्डे पडलेत, सीताफळाच्या सालीसारखे. टेबलावर ठेवलाय, पेपरवेट म्हणून.

काल अकोट्यापर्यंत जाऊन आलो. दांडिया बाजारच्या चौकात वळलो आणि हात सोडले. चाक सरसर मागे आलं. बायको शेजारी होती, म्हणाली, "थांबा, उतरा." मग ती घरापर्यंत घेऊन आली, आणि तेच पार्किंग एका दमात.

लेथकाका, घरी चहाला या. हायड्रॉलिकवाले, तुम्हीही. पट्ट्याचं "चीं" गेलं.

मकरपुरा लेथ | १७ नोव्हेंबर, १२:४०

येईन. वरच्या जॉइंटची रबरं पण त्याच वेळी बघू. आणि पुढच्या पावसाळ्यात गाडी गल्लीच्या वरच्या अंगाला लावा.

हायड्रॉलिकवाला | १७ नोव्हेंबर, १:०२

येतो. गेज घेऊन येतो.

रावपुऱ्याची | १७ नोव्हेंबर, १:१५

वहिनींना सांगा, गाडी सरकत ठेवून मगच फिरवायचं. आईचा निरोप आहे. ती ८१ वर्षांची आहे आणि हा सगळा धागा तिने माझ्याकडून वाचून घेतला.

मांडवीचा नातू | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

छान धागा. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. मग शेवटी बॉक्स बदलला का?

सेवउसळ | १८ नोव्हेंबर, ९:२३

नाही. मगर बदलली.